सिंदेवाहीचे धान, खम्ममची मिरची : एका हंगामी स्थलांतराचा इतिहास

(धागा)

१/ २४ मार्च २०२०. रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा तेलंगणातील खम्मम, वरंगल, मुलुगू या भागांतल्या मिरचीच्या शेतांत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील हजारो मजूर होते. गाड्या बंद झाल्या. कित्येकांनी पायीच गावची वाट धरली. गोदावरीपलीकडे ‘परप्रांतीय’ ठरलेली ही माणसे मराठी, गोंडी, माडिया बोलणारी होती.

२/ ‘परप्रांतीय मजूर’ म्हटले की मुंबई-पुण्यातील बांधकामांवरचे उत्तर भारतीय कामगार डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चित्र उलटे आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल, सावली ही झाडीपट्टी. इथे धान पिकते, गावोगावी तळी आहेत. मग इथला माणूस मिरची तोडायला परराज्यात का जातो? उत्तरासाठी दीडशे वर्षांहून मागे जावे लागते.

३/ आरंभ तळ्यांपासून. चांद्याचे गोंड राजे जंगल तोडून वसाहत करणाऱ्यास गाव आणि तळे बांधणाऱ्यास त्याच्या ओलिताखालची जमीन देत, असे परंपरा सांगते. हे धोरण राजा हिरशाहाच्या नावाने ओळखले जाते. तळी बांधण्याच्या कामात कोहळी समाजाने नाव कमावले. धानाची शेती उभी राहिली ती या पाण्यावर. तळ्याची माती वाहणारे हात मात्र इतिहासात निनावीच राहिले.

४/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या ताब्यात गेला. मेजर ल्युसी स्मिथ यांनी केलेल्या जमीन-महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा. मध्य प्रांतातील या बंदोबस्तांनी मोठा बदल घडवला. पूर्वी गावाचा सारा गोळा करून देणारा मालगुजार आता गावाचा कायदेशीर मालक झाला. कुळांना कमी-अधिक हक्क मिळाले. ज्यांच्याकडे नांगर-बैल नव्हते, त्यांच्यासाठी नोंदवहीत जागाच नव्हती.

५/ या भूमिहीनांतून गावचा मजूरवर्ग घडला. कोणी वर्षाच्या करारावर सालदार म्हणून राबे, कोणी रोवणी-कापणीपुरता. मजुरी बहुधा धानातच. खंडी, कुडो, पायलीच्या मापाने. पावसाळ्यात घरचे धान्य संपले की मालकाकडूनच उसने घ्यायचे आणि हंगामात अंगमेहनतीने फेडायचे. या व्यवहारात मजूर गावाबाहेर पडत नसे, कारण कर्जच त्याला बाहेर पडू देत नसे.

६/ १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सरकारने आसोलामेंढा, घोडाझरी यांसारखे मोठे तलाव बांधले. याच काळात गोंदिया-नागभीड-चांदा ही अरुंद रेल्वे आली आणि सिंदेवाहीला स्थानक मिळाले. धान, लाकूड आणि माणूस या तिघांनाही बाहेरची वाट मोकळी झाली.

७/ ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. तळी सरकारजमा झाली. आजही त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा तलाव’ म्हणतात. अन्यायी व्यवस्था गेली, पण तिच्याबरोबर तळ्यांचा गाळ काढणारी, पाळ दुरुस्त करणारी गावपातळीवरची घडीही विस्कटली. कसणाऱ्या कुळाला जमीन मिळाली. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, त्याच्या पदरी केवळ पिढीजात बंधनातून सुटका आली.

८/ सीमाही हलत होत्या. १९५६ पूर्वी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, तर शेजारचा राजुरा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात. राज्य पुनर्रचनेनंतर दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. २०१४ मध्ये पलीकडे तेलंगण राज्य झाले. नकाशे बदलत गेले, तरी नदी ओलांडून जाणे-येणे थांबले नाही.

९/ स्थलांतराचे मूळ पिकाच्या वेळापत्रकात आहे. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात चिखलणी करून रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणे. त्यानंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. आणि मग? बहुतेक बांध्या कोरड्या पडतात. दुसऱ्या पिकाला पाणी नाही. पुढचा मोठा रोजगार थेट उन्हाळ्यात, तेंदूपानांचा.

१०/ नेमक्या याच मोकळ्या महिन्यांत पलीकडे मिरची लाल होते. १९६७ मध्ये नागार्जुनसागरचे पाणी कालव्यांत सुटले आणि खम्ममपर्यंतच्या पट्ट्यात नगदी पिके वाढली. मिरची एकदम पिकत नाही. एकाच झाडावर पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते. हे काम यंत्राने सहजी होत नाही. डोक्यावर ऊन, हातांना आग आणि सतत वाकलेली कंबर. स्थानिक मजूर अपुरे पडले, की बाहेरून माणसे आणली जातात.

११/ ही माणसे येतात मुकादमामार्फत. तो बहुधा गावातलाच, कधी नात्यातला. तो उचल देतो, गाडी ठरवतो, शेतमालकाशी बोलणी करतो. मजुरी ठरते तोडलेल्या मिरचीच्या वजनावर. कित्येकदा तिचा काही भाग मिरचीच्याच रूपाने मिळतो आणि मजूर ती पोती गावाकडे आणतो. म्हणजे बाजारभाव पडला, तर त्याची झळ मजुरालाही. धानात मजुरी घेणाऱ्या आज्याचा नातू मिरचीत मजुरी घेतो.

१२/ या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. धानाची रोवणी त्यांचीच, मिरचीची तोडणीही त्यांचीच. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला असला, तरी रोजंदारीत बाईचा दर पुरुषापेक्षा कमी हे गावोगावचे वास्तव. लहान मुले आईबरोबर जातात आणि त्यांचे शाळेचे दुसरे सत्र बुडते. मोठी मुले मागे म्हाताऱ्यांजवळ राहतात.

१३/ गंमत अशी, की याच सिंदेवाहीत रोवणीच्या दिवसांत ‘मजूर मिळत नाही’ ही तक्रार ऐकू येते. पाऊस झाला की सगळ्यांच्या बांध्या एकाच वेळी रोवणीला येतात, आणि तीन-चार आठवडे मजुरीचे दर चढतात. शेजारच्या गावांतून गाड्या भरून बाया आणाव्या लागतात. उरलेल्या वर्षात त्याच हातांना काम नसते. टंचाई आणि बेकारी, दोन्ही एकाच गावात.

१४/ कायदा काय म्हणतो? १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ओडिशातील ‘दादन’ मजुरांच्या पिळवणुकीतून जन्मला. त्यात नोंदणी, प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता, छायाचित्रासह पासबुक अशा तरतुदी होत्या. पण त्या मुख्यतः परवानाधारक कंत्राटदाराला गृहीत धरून. नातेसंबंधांतून टोळी जमवणारा मुकादम या चौकटीत क्वचितच बसला. म्हणून २०२० मध्ये किती मजूर कुठे अडकले, हे सांगणारी नोंदवही सरकारजवळ नव्हती.

१५/ दुसरा उपाय गावातच काम देण्याचा. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच धर्तीवर २००५ चा राष्ट्रीय कायदा आला आणि २००६ च्या पहिल्याच टप्प्यात चंद्रपूर, गडचिरोलीचा समावेश झाला. त्या कायद्यातली हमी वर्षाला १०० दिवसांची होती, मजुरी १५ दिवसांत देण्याची. पैसे लांबले की मात्र हातात उचल ठेवणारा मुकादमच जवळचा वाटतो.

१६/ तिसरा उपाय पाण्याचा. २२ एप्रिल १९८८ रोजी वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा; खर्च पुढे हजारो कोटींवर गेला. उजव्या कालव्याचे पाणी आसोलामेंढ्यापर्यंत नेऊन झाडीपट्टीला दुसरे पीक मिळावे, ही कल्पना. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेली मुले मोठी होऊन मिरची तोडायला गेली.

१७/ चौथा उपाय जंगलाचा. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. गावाच्या जंगलातून गावालाच रोजगार, हे तिथे सिद्ध झाले. पण जंगलाचा आधार निर्धोक नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. गावात राहण्याचीही किंमत असते.

१८/ हा प्रदेश मागास म्हणून मजूर पुरवतो, हे उत्तर अपुरे आहे. सिंदेवाहीत धानाचे संशोधन केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या दीड एकराच्या शेतकऱ्याने निरीक्षणातून ‘एचएमटी’ धान निवडून काढले, आणि ते दूरवर पेरले गेले. दादाजी ३ जून २०१८ रोजी वारले ते हलाखीतच. ज्ञान आणि श्रम इथे कमी नव्हते. त्यांचा मोबदला इथे थांबला नाही.

१९/ जगाच्या इतिहासातही हेच दिसते. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने ‘ब्रासेरो’ कराराखाली लाखो मेक्सिकन मजूर शेतांवर आणले. पीक निघाले की त्यांनी परत जावे, ही अट. बीडचा ऊसतोड कामगार, बस्तरचा मिरची मजूर, मेक्सिकोचा ब्रासेरो, सगळ्यांची गोष्ट एकच : हात हवेत, माणूस नको.

२०/ म्हणून ‘बाहेरचे लोक’ हा शब्द वापरताना झाडीपट्टीचा नकाशा समोर ठेवावा. धान चुरून झाले, मंडई उठली, की सिंदेवाहीच्या परिसरातून गाड्या दक्षिणेला निघतात. गोदावरी ओलांडताच इथला माणूस तिथला परका होतो. एप्रिलमध्ये तो तेंदूपानांसाठी परततो, मृगात पऱ्हे टाकतो. तो रोवतो ते धान आणि तोडतो ती मिरची एकाच ताटात येतात. त्याची नोंद मात्र दोन्ही राज्यांच्या कागदांत अजून अपुरीच आहे.

(समाप्त)