वणांचा इतिहास : आधी खड्डा ओळखा, मग उपाय निवडा

१/ एकेकाळी भिवंडी-कल्याणच्या परिसरात चेहऱ्यावरचे खोल वण ही देवीच्या रोगाची खूण मानली जाई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला भारतातील पहिली यशस्वी देवीची लस टोचण्यात आली. १९७५ मध्ये देशातील शेवटचे रुग्ण आढळले. देवी गेली, मुरुमांचे वण उरले.

२/ १९०५ मध्ये जर्मन वैद्य क्रोमायर यांनी फिरत्या हत्याराने त्वचा घासण्याची पद्धत मांडली. उथळ वण त्याने निवळत; खोलवर घासल्यास मात्र नवाच वण उमटे.

३/ चूक हत्याराची नव्हती, सर्व खड्डे एकसारखे मानण्याची होती. २००१ मध्ये त्यांचे तीन प्रकार मांडले गेले: सुईच्या टोकासारखे अरुंद, पेटीसारखे सरळ कडांचे आणि लाटेसारखे पसरट.

४/ पसरट वणांना खालचे तंतू ओढून धरतात. ते सुईने तोडण्याची पद्धत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अरुंद खड्ड्यांत तीव्र आम्लाचा थेंब सोडण्याची पद्धत २००२ मध्ये कोरियातून आली. २००४ मध्ये फ्रॅक्शनल लेझर आला. तो उथळ पेटीवजा वणांना उपयोगी पडतो.

५/ सावळ्या त्वचेवर तीव्र लेझर वा आम्ल काळे डाग ठेवू शकते. म्हणून आधी मुरुम आटोक्यात आणावेत, मग त्वचारोगतज्ज्ञाकडून वणांचा प्रकार ओळखून घ्यावा. शतकभराच्या अनुभवाचे सार एवढेच: सर्व वणांवर एकच रामबाण उपाय नाही.