‘विश्वासू दोस्त’ आणि बंदी घातलेलं वर्तमानपत्र

नांदेड-लातूरच्या निजामकाळावर संशोधन करायचं ठरवलंय? मग आधी एक पदवी लक्षात ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या मदतीनंतर ब्रिटिशांनी सातव्या निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब दिला. सरकारी कागदांत ही दोस्ती गोडच दिसेल. पण तिच्या सावलीत राहणाऱ्या लोकांनी आपलं म्हणणं छापायचं कुठं?

1937 मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केलं. बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं. म्हणून एकाच नावाने शोधलंत, तर मधले अंक निसटतील. लातूरचे कागद शोधताना ‘उस्मानाबाद जिल्हा’ बघा. लातूर जिल्हा 1982 चा.

29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. ऑगस्ट 1948 मध्ये, विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. पुढच्याच महिन्यात पोलीस कारवाई झाली.

तेव्हा करार वाचाच; पण तो लागू असताना वेगळं लिहिणाऱ्याचं काय झालं, तेही तपासा. दोस्ती किती खरी, ते तिथं कळतं.