रिंग ऑफ केरी

रिंग ऑफ केरी हा आयर्लंडच्या नैऋत्येकडील केरी काउंटीतील, आयव्हरा द्वीपकल्पाला वळसा घालणारा सुमारे १७९ किलोमीटर लांबीचा वर्तुळाकार पर्यटनमार्ग आहे. किलार्नी येथून निघून किलॉर्ग्लिन, कॅहर्सिव्हीन, वॉटरव्हिल, स्नीम व केनमेअर या गावांवरून तो पुन्हा किलार्नीस येतो. मोटारीने हे अंतर एका दिवसात कापता येते. मात्र वाटेतील स्थळे पाहावयाची असल्यास दोन-तीन दिवस हाताशी असावेत.

रस्ता अनेक ठिकाणी अरुंद असल्याने पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या प्रथम किलॉर्ग्लिन गाठून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. आयर्लंडमध्ये भारताप्रमाणेच वाहने डाव्या बाजूने चालतात.

किलार्नी राष्ट्रीय उद्यान हे आयर्लंडमधील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. १९३२ मध्ये देणगीदाखल मिळालेली मक्रॉस जहागीर हा त्याचा गाभा आहे. येथील जुन्या ओक वनांत बाहेरून आणलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे माजली असून त्यांच्या दाट सावलीत ओकची रोपे रुजत नाहीत. फुलांच्या बहरात हीच झुडपे प्रवाशांना मोहक वाटतात!

कॅहर्सिव्हीनजवळ १७७५ मध्ये डॅनियल ओकॉनेल यांचा जन्म झाला. कॅथलिकांना ब्रिटिश संसदेची दारे खुली करणाऱ्या १८२९ च्या कायद्यामागे त्यांची चळवळ होती. नजीकच्या व्हॅलेन्शिया बेटावरून १८५८ मध्ये अटलांटिकपार पहिली तारवाहिनी टाकण्यात आली. ती काही आठवड्यांतच बंद पडली आणि टिकाऊ संपर्क १८६६ मध्ये प्रस्थापित झाला.

किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवरील स्केलिग मायकल या खडकाळ बेटावर प्राचीन ख्रिस्ती मठ असून १९९६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. भिक्षूंच्या कुट्या चुना न वापरता केवळ दगडावर दगड रचून बांधल्या आहेत. बेटावर उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते व समुद्र खवळलेला असल्यास नावा सुटत नाहीत.

या मार्गावरील निर्मनुष्य डोंगरउतारांचे सौंदर्य सर्वच वर्णनांत येते. त्या निर्मनुष्यतेचे कारण क्वचितच सांगितले जाते. १८४५ पासून बटाट्यावरील रोगामुळे पडलेल्या महादुष्काळात हा प्रदेश होरपळून निघाला. केनमेअर परिसरातील लॅन्सडाउन जहागिरीच्या कारभाऱ्याने १८५१ च्या सुमारास हजारो कुळांना भाडे देऊन अमेरिकेस पाठविले. गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) त्यांना पोसण्यापेक्षा जहागिरीस हे स्वस्त पडत होते. यांपैकी बरेच जण न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या दरिद्री वस्तीत जाऊन राहिले. १८८८ ते १८९४ या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लॅन्सडाउन याच घराण्यातील होत.

जुलै व ऑगस्टमध्ये मार्गावर गर्दी असते. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. त्यामुळे उन्हाळ्यातही पावसाळी कपडे जवळ बाळगणे आवश्यक ठरते.