डेल्फी येथील दोन शिला आणि अपोलोचा कौल

डेल्फी येथील ‘ओम्फालॉस’ म्हणजे नाभिशिला आणि क्रोनॉसने गिळलेला धोंडा ही एकच वस्तू होय, असा समज पुष्कळदा आढळतो. प्राचीन साधनांत मात्र त्यांचा भेद स्पष्ट आहे. हेसिऑडच्या ‘थिऑगनी’नुसार, अर्भक झ्यूस समजून क्रोनॉसने गिळलेला व मागाहून ओकलेला धोंडा झ्यूसने पायथो येथे, म्हणजेच डेल्फीस, खूण म्हणून स्थापिला. तेथे पृथ्वीच्या नाभीचा उल्लेख नाही. नाभीची कथा निराळी आहे : झ्यूसने पृथ्वीच्या दोन टोकांहून सोडलेले गरुड जेथे भेटले, तो तिचा मध्य. इ. स. २ऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस दोन्ही शिला पृथक् नोंदवितो. नाभिशिला पांढऱ्या संगमरवराची होती. धोंडा लहानसा असून त्यावर नित्य तेल ओतीत आणि सणाच्या दिवशी कच्ची लोकर ठेवीत.

कौल मात्र यांपैकी कोणतीच शिला देत नसे. तो त्रिपादावर बसलेल्या पिथियेच्या मुखातून येई. इ. स. पू. ४५८ मधील इस्किलसच्या नाटकात ओरेस्टीस नाभिशिलेशी येतो, तो शरणार्थी म्हणून. पृथ्वीच्या नाभीविषयी शंकाही जुनीच आहे. स्वतः डेल्फीचा पुजारी असलेल्या प्लूटार्कने एपिमेनिडीसचा आक्षेप नमूद केला आहे. तात्पर्य, नाभिशिला हे भविष्यकथनाचे साधन नव्हते. अपोलोचा कौल अखिल पृथ्वीच्या मध्यातून उमटतो, या श्रद्धेचे ते दृश्य अधिष्ठान होते.