डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण अधिसूचना, १९९१

डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण अधिसूचना ही भारत सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने २० जून १९९१ रोजी काढलेली अधिसूचना आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये काढलेल्या या अधिसूचनेने महाराष्ट्रातील डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. तालुक्यातील बागायती, वने, आदिवासी वस्त्या व किनारा यांवर विपरीत परिणाम करणाऱ्या उद्योगांवर तिने निर्बंध घातले. एका संपूर्ण ग्रामीण तालुक्याच्या जमीनवापरावर केंद्रीय कायद्याने मर्यादा घालण्याचे हे भारतातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

डहाणू तालुका मुंबईच्या उत्तरेस अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर आहे. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यापासून त्या जिल्ह्यात मोडतो. पश्चिमेकडील सखल पट्टीत मच्छीमारांची गावे, खाड्या, तिवरांची वने आणि चिकूच्या बागा आहेत, तर पूर्वेकडे डोंगराळ वनप्रदेश पसरला आहे. लोकसंख्येत आदिवासींचे बहुमत असून त्यांत वारली समाज प्रमुख आहे. तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. घोलवड, बोर्डी परिसरातील चिकू प्रसिद्ध असून 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

तालुक्याचे स्थान मात्र औद्योगिक विस्ताराच्या वाटेवर आहे. दक्षिणेस तारापूर-बोईसर औद्योगिक वसाहत, उत्तरेस गुजरातमधील वापी आणि दोहोंना जोडणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग, अशी ही रचना आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डहाणूच्या खाडीलगत ५०० मेगावॉट क्षमतेच्या कोळशावरील औष्णिक वीजप्रकल्पास मान्यता मिळाली. बागायतदार व स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रकल्पाला अनुमती दिली. प्रकल्प टळला नाही, तरी त्यानिमित्ताने संपूर्ण तालुक्याच्या भवितव्याचा प्रश्न पुढे आला आणि त्याच वर्षी ही अधिसूचना निघाली.

प्रमुख तरतुदी

उद्योगांचे वर्गीकरण: प्रदूषणक्षमतेनुसार उद्योगांचे हिरवा, नारिंगी व लाल असे तीन गट करण्यात आले. हिरव्या गटातील उद्योगांना राज्य यंत्रणा परवानगी देऊ शकतात. नारिंगी गटातील उद्योगांना प्रदूषण नियंत्रणाची पुरेशी व्यवस्था व केंद्रीय मंत्रालयाची संमती लागते. लाल गटातील उद्योगांना तालुक्यात मनाई आहे.

औद्योगिक क्षेत्राची कमाल मर्यादा: अनुज्ञेय उद्योगांसाठी संपूर्ण तालुक्यात मिळून ५०० एकरांहून, म्हणजे सुमारे दोन चौरस किलोमीटरांहून, अधिक जागा वापरता येत नाही.

प्रादेशिक योजना: राज्य सरकारने एका वर्षात तालुक्याची प्रादेशिक योजना तयार करून केंद्राची मान्यता घ्यावी, असे ठरवण्यात आले. विद्यमान हरित क्षेत्रे, फळबागा व आदिवासी क्षेत्रे या योजनेत स्पष्टपणे दाखवावयाची होती आणि त्यांच्या जमीनवापरात बदल करण्यास मुभा नव्हती.

संरक्षक पट्टा: मूळ अधिसूचनेत तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरांचा उद्योगमुक्त पट्टा राखण्याची तरतूद होती. १९९९ मध्ये अधिसूचनेत दुरुस्ती करण्यात आली.

नियोजन कायद्यांतील स्थान

महाराष्ट्रात ग्रामीण जमिनीच्या वापराचे नियमन प्रामुख्याने दोन कायद्यांनी होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रादेशिक योजना आखल्या जातात व शेती, वन, निवासी, औद्योगिक असे विभाग ठरवले जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ शेतजमिनीच्या बिगरशेती वापराचे नियमन करते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे हस्तांतरित करण्यावरील निर्बंधही याच संहितेत आहेत.

तथापि प्रादेशिक योजनेतील विभाग बदलण्याचा अधिकार राज्य शासनाकडेच असतो. आज शेती विभागात असलेली जमीन उद्या औद्योगिक विभागात जाऊ शकते. डहाणूच्या अधिसूचनेचे महत्त्व या ठिकाणी आहे. केंद्रीय कायद्याखालील निर्बंध असल्यामुळे राज्य शासनास ते एकट्याने शिथिल करता येत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय व प्राधिकरणाची स्थापना

अधिसूचनेच्या अंमलबजावणीत दिरंगाई होत असल्याच्या तक्रारीवरून पर्यावरणविषयक नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून (नीरी) तालुक्याची पाहणी करवून घेतली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निर्णयाने संस्थेच्या शिफारशींच्या अंमलबजावणीसाठी निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश देण्यात आला. त्यानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते या पदावर होते.

या प्राधिकरणामुळे स्थानिक रहिवाशांना आपले म्हणणे मांडण्यासाठी जवळचे व्यासपीठ मिळाले. तालुक्यातून जाणाऱ्या रस्ते, रेल्वे व वीजवाहिन्यांच्या प्रकल्पांनाही प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागू लागली.

महत्त्वाची प्रकरणे

औष्णिक वीजप्रकल्प: १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या धुरातील गंधकयुक्त वायू काढून टाकणारे संयंत्र बसवावे, असा आदेश प्राधिकरणाने दिला. कंपनीने प्रदीर्घ टाळाटाळीनंतर २००७ मध्ये ते कार्यान्वित केले. तेव्हा देशातील फारच थोड्या वीजकेंद्रांत अशी व्यवस्था होती.

वाढवण बंदर: वाढवण येथे मोठे बंदर उभारण्याचा प्रस्ताव १९९० च्या दशकात एका परदेशी कंपनीच्या सहभागाने पुढे आला. स्थानिक मच्छीमार, शेतकरी व बागायतदारांनी त्यास विरोध केला. १९९८ मध्ये प्राधिकरणाने असे बंदर या क्षेत्रात अनुज्ञेय नाही, असा निर्णय दिला व प्रस्ताव मागे पडला.

पुढे हा प्रस्ताव जवाहरलाल नेहरू बंदर व महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या संयुक्त प्रकल्पाच्या रूपाने पुन्हा आला. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षी उद्योगांच्या प्रदूषणविषयक वर्गीकरणात बंदरांचे स्थान बदलण्यात आले, त्यामुळे लाल गटाचा अडसर दूर झाला. पुनर्रचित प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना-हरकत दिली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाच्या या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. बंदरासाठी समुद्रात मोठ्या प्रमाणावर भराव घालावा लागणार असल्याने मासेमारीची क्षेत्रे नष्ट होतील, ही विरोधकांची मुख्य भूमिका आहे. लाखो रोजगार निर्माण होतील, असे शासनाचे म्हणणे आहे.

परिणाम व मतभेद

तारापूर व वापी या दोन औद्योगिक केंद्रांच्या मध्ये असूनही डहाणूतील चिकूच्या बागा, तिवरे व वने बऱ्याच अंशी टिकून राहिली, याचे श्रेय समर्थक या अधिसूचनेला देतात. कायदा, न्यायालयीन देखरेख आणि जागरूक स्थानिक नागरिक या तिन्हींचा मेळ त्यास कारणीभूत असल्याचे ते मानतात.

टीकाकारांच्या मते ५०० एकरांच्या मर्यादेमुळे स्थानिक रोजगार वाढला नाही आणि तरुणांना बोईसर, वापी किंवा मुंबईकडे जावे लागते. फुगे बनवण्यासारख्या लघुउद्योगांनाही परवान्यांच्या अडचणी येतात, अशीही तक्रार आहे. याउलट आदिवासी व मच्छीमार संघटनांचा आक्षेप असा की, लहान उद्योजकाला लागू होणारे नियम मोठ्या प्रकल्पांच्या वेळी मात्र वाकवले जातात.

तत्सम अधिसूचना

याच अधिनियमाखाली मुरूड-जंजिरा परिसर (१९८९), दून खोरे (१९८९), अरवलीचा काही भाग (१९९२), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) व माथेरान (२००३) यांसाठीही अधिसूचना निघाल्या. महाबळेश्वर-पाचगणी व माथेरान येथे मुख्य धोका पर्यटनातून होणाऱ्या बांधकामांचा होता. डहाणूत तो अवजड उद्योगांचा होता. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेले, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण हे डहाणूच्या व्यवस्थेचे खास वैशिष्ट्य मानले जाते.