वीणेचा पहारा

कृष्णाकाठच्या एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे त्या सात दिवसांपुरते गावाचे जे निराळेच दप्तर उघडते, त्यात ना सारा-बाकीची नोंद असते ना खातेफोडीची. कोणी कोणत्या प्रहरी वीणा घेऊन उभे राहावयाचे, एवढ्या पाळ्यांचीच ती याद. वीणा सात दिवस भुईला टेकवावयाची नाही, हा दंडक. एकाच्या गळ्यातून ती उतरते ती दुसऱ्याच्या गळ्यात पडण्यासाठीच. आणि बांधाच्या वादापायी मामलेदार कचेरीत परस्परांविरुद्ध अर्ज गुदरून बसलेल्या भाऊबंदांवरही, पहारा बदलताना, पाया पडून ती एकमेकांकडून घेण्याचा प्रसंग येतो. त्यामुळे अर्ज मागे घेतले जातात असे नव्हे. मात्र पुढच्या तारखेपर्यंत बोलणेचालणे तरी सुरू राहते.

हा जो मुलूख १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निराळा झाला आणि १९६० पासून सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो, त्यात भजनी मंडळ नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. मध्यभागी वीणेकरी, जवळ पखवाजी, समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा. एकाने चाल धरावी आणि इतरांनी ध्रुवपद झेलावे, अशी ही साधी योजना. हिच्यातील खरे शहाणपण, माझ्या मते, टाळात आहे. ज्याला सूर नाही त्याला टाळ आहे. ज्याला टाळही नेमका धरता येत नाही, तो शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून चार एकादशींत सावरतो. आणि अक्षरओळख नसलेला शेतकरी हरिपाठासकट शेकडो अभंग जन्मभर मुखोद्गत बाळगतो, ते पाठशाळेत न जाता या रांगेत बसूनच. दरबारी गवई या गजराला गोंगाट म्हणत असतील, आणि पखवाजाची कणीक वाळलेली असेल त्या रात्री तो गोंगाट असतोही. परंतु शंभर कच्च्या गळ्यांचा मिळून जो एक पक्का गळा होतो, त्याची परीक्षा मैफिलीच्या निकषांनी करणे हा अन्याय होय.

या भजनाला लागणारी वाद्येही घरचीच. मिरजेत एकोणिसाव्या शतकात, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी काही कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव त्यांत अग्रगण्य. तलवारींचे दिवस सरत आले होते आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवयांचे दिवस उगवत होते. वाद्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. मुसलमान कारागिराच्या हातून त्यांपैकी कित्येकांचे तंबोरे होतात, काहींची वीणा होते, आणि ती आषाढीला वारकऱ्याच्या गळ्यातून पुन्हा पंढरीच्या वाटेला लागते.

मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. हे कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे चिरंजीव. आडनाव पलूस या गावावरून. १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि राजवाड्यातील विद्या चारचौघांच्या कंठी उतरवण्याचे व्रत घेतले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे तासगावचे. १९१८ साली साबरमती आश्रमात जाऊन राहिलेल्या या गृहस्थाने, ज्यांतील बहुतेक जण गाणे म्हणून कधी शिकलेच नव्हते अशा माणसांकडून, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना वर्षानुवर्षे एका सुरात म्हणवून घेतली. १९३० साली दांडीच्या वाटेवरही ते महात्माजींच्या तुकडीत होते. गुजराथच्या धुळीतून चालणाऱ्या त्या सत्याग्रह्यांच्या गाण्यात तासगावकडच्या टाळकऱ्याची रांग मला दिसते. हा माझा प्रांताभिमान असेल तर असो.

परंतु या रांगेला वेशीही होत्या, हे लपवून चालणार नाही. अभंग चोखोबांचे आणि चोखोबांच्या वंशजांनी मात्र देवळाबाहेर उभे राहून ऐकावयाचे, हा विपर्यास १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसेपर्यंत प्रत्यक्ष विठ्ठलाच्या दारीही चालू होता. गावोगावच्या लहान देवळांची कथा काय सांगावी! म्हणूनच ज्यांना ही रांग पुरेशी रुंद वाटली नाही, त्यांनी दुसरी मांडली. सातारा भागातील सत्यशोधक जलसेकऱ्यांनी तमाशाचेच गण-गौळणीचे वळण उचलून त्यात सावकाराची आणि भिक्षुकशाहीची झडती घेतली; पुढे वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभारण्यात पुढाकार घेतला, तेव्हा डफ-तुणतुण्यामागे झील धरणारे साथीदार टाळकऱ्यांचेच काम निराळ्या देवासाठी करीत होते.

सप्ताहाच्या अखेरच्या रात्री, काल्याच्या आदल्या पहाटे, मंडपात जेमतेम सात-आठ माणसे उरतात. पखवाजी खांबाला टेकून पेंगतो. टाळ मंद पडतात. वीणेकरी एका तारेवर बोट ठेवून उभा असतो, आणि पुढच्या पाळीचा माणूस, नदीवरून ओल्या धोतराने लगबगीने येऊन, मान पुढे करतो.