‘सर्व’ या शब्दाचा अर्थ

आरिस्टॉटलनंतर तर्कशास्त्रास एक पाऊलहि पुढें टाकतां आलें नाहीं, असें कांटनें १७८७ त लिहिलें. पुढें साठच वर्षांनीं, १८४७ त, बूलनें तर्काला बीजगणिताचीं चिन्हें दिलीं व जुन्या संपत्तीची झडती सुरू झाली.

सर्व गंधर्व दिव्य आहेत. सर्व गंधर्व गायक आहेत. म्हणून कांहीं गायक दिव्य आहेत. परंपरेच्या मतें हें अनुमान निर्दोष. पण गंधर्वच नसतील तर? पहिलीं दोन विधानें ‘गंधर्व असल्यास’ एवढेंच बोलतात. निष्कर्ष मात्र दिव्य गायक आहेतच, असें ठासून सांगतो! १८८१ त व्हेननें ‘सर्व’चा असा अस्तित्वनिरपेक्ष अर्थ पत्करला. त्या अर्थानें पाहतां परंपरेच्या २४ प्रकारांपैकीं ९ लंगडे पडतात. आरिस्टॉटलला त्याबद्दल दोष देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें; त्याच्या उदाहरणांत बहुधा येतात तीं माणसें आणि घोडे.